शरीरात बसवलेल्या वस्तूचा कागद जपा

तुमच्या घरात कुणाला हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकलेला असेल, मोतीबिंदू काढून भिंग बसवलेलं असेल, गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, पेसमेकर असेल किंवा हर्नियाला जाळी लावलेली असेल, तर माझी एक विनंती आहे. त्या वस्तूचं नाव, ती बनवणारी कंपनी आणि तिचा बॅच नंबर ज्यावर छापला आहे तो कागद घरात कुठे आहे, ते आजच बघा. ऑपरेशनची फाईल काढली की बिल सापडतं, एक्स-रे सापडतात, रक्ताच्या रिपोर्टांचा गठ्ठा सापडतो. पण जी वस्तू माणूस पुढची पंधरा-वीस वर्षं अंगात घेऊन फिरणार, ती नेमकी कोणती हे सांगणारा कागद पुष्कळदा त्यात नसतो.

हा कागद म्हणजे एक छोटं चिकट लेबल. इम्प्लांटच्या खोक्यात अशी एकसारखी काही लेबलं येतात. त्यातलं एक केसपेपरवर लागतं, एक बिलासोबत जातं, आणि एक रुग्णाच्या हाती यायला हवं. त्यावर इंग्रजीत ‘लॉट’ लिहिलेल्या चौकटीपुढे असतो तो बॅच नंबर. वाळूच्या घड्याळाचं चित्र असतं, त्यापुढे वापरण्याची मुदत. दोनाच्या आकड्यावर काट मारलेली दिसली तर वस्तू एकदाच वापरायची, दुसऱ्यांदा नाही. एवढ्या खुणा ओळखायला इंग्रजी यावं लागत नाही. काही ठिकाणी स्टेंटचं खोकं आधी नातेवाइकांना दाखवतात. त्या वेळी जीव टांगणीला लागलेला असतो हे खरं, तरी नुसती मान डोलावू नका. मुदत वाचा, मोबाइलवर फोटो काढा.

खोक्यातल्या पाकिटाकडेही बघा. पुष्कळदा त्याची एक बाजू पारदर्शक आणि दुसरी पांढरी, कागदासारखी असते. तो कागद नव्हे. पॉलिइथिलिनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा तो पापुद्रा आहे, नाव टायवेक. १९५५ मध्ये ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत एका नळीतून बाहेर येणारे पांढरे तंतू जिम व्हाइट या संशोधकाच्या नजरेस पडले, त्यातून हा शोध लागला. निर्जंतुक करण्यासाठी वापरतात तो इथिलिन ऑक्साइड वायू या पापुद्र्यातून आत जातो, काम करतो आणि बाहेर निघून जातो. जंतूंना मात्र तंतूंच्या गुंत्यातून वाट मिळत नाही. पण पाकीट फाटलेलं किंवा भिजलेलं असेल, तर आतली वस्तू निर्जंतुक उरली आहे असं कुणीच म्हणू शकत नाही.

आता ती वस्तू आत जाते कशी, तेही समजून घ्या, कारण पुढची सगळी काळजी त्यावर अवलंबून आहे. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी पहिल्यांदा जाग्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत बारीक नळीवरून फुगा नेला आणि अडथळा उघडला. हे फुगे त्यांनी घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर तयार करून पाहिले होते. आज फुग्यावर घट्ट बसवलेला स्टेंट आत जातो, फुगा फुगला की तो उघडून भिंतीला टेकतो. मग फुगा आणि नळी दोन्ही बाहेर येतात, आत राहतो फक्त धातूचा स्टेंट. रक्ताच्या दृष्टीने तो उघडा धातू असतो. शरीर हळूहळू त्यावर आपलं अस्तर चढवतं. औषध लावलेल्या स्टेंटवर ते जरा सावकाश चढतं. तोवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या देतात. दात काढायचा आहे किंवा दुसरं ऑपरेशन आहे म्हणून कुणी त्या बंद करायला सांगितल्या, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आणि त्यांचा पहिला प्रश्न असेल की स्टेंट कोणता, किती तारखेला टाकला? उत्तर त्या लेबलावर आणि डिस्चार्ज कार्डावर आहे.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो तो महाधमनी फुगली की तिच्या आतून बसवायच्या अस्तराचा शोध. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या ताणून पाहत होते. हळू ताणली की कांडी तुटायची. शेवटी त्यांनी एकदम जोरात हिसका दिला, आणि ती न तुटता कित्येक पटींनी लांबली. त्या ताणलेल्या टेफ्लॉनमध्ये असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली होती, त्याचा बहुतेक भाग नुसती हवा होता. पावसाचा थेंब त्यातून जात नाही, घामाची वाफ जाते, म्हणून त्याचे पावसाळी कोट झाले. आणि त्याच पदार्थाच्या नळीतून रक्त वाहू शकतं, म्हणून सत्तरच्या दशकात त्याच्या कृत्रिम रक्तवाहिन्या झाल्या.

पुढची पायरी होती ती पोट न उघडता अशी नळी आत नेण्याची. युक्रेनमधल्या खार्किव्हला निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत, आणि अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसला हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये पोटातल्या फुगलेल्या महाधमनीत कापडी नळी जांघेतल्या रक्तवाहिनीतून नेऊन बसवली. आज काही कंपन्यांचं असं अस्तर दाबून बारीक करतात आणि त्यावर पातळ वेष्टण दोऱ्याने शिवून टाकतात. नळी जागेवर पोहोचली की डॉक्टर बाहेरून दोरा ओढतात, आणि धान्याच्या पोत्याची शिवण एका टोकाने सरसर उसवावी तसं ते वेष्टण उसवून अस्तर आत उघडतं. जिथे पूर्वी पोटावर वीतभर चीर जायची, तिथे आता जांघेत लहानशी जखम राहते.

पण इथेच फसगत होते. जखम लहान म्हणून आजारही लहान होता असं घरच्यांना वाटतं. तीन-चार दिवसांत माणूस घरी येतो, शेतात जायला लागतो, आणि पुढच्या तपासण्या बंद होतात. हे अस्तर जागचं सरकू शकतं, त्याच्या कडेने रक्त झिरपू शकतं, आणि पुष्कळदा त्याची काहीच चाहूल लागत नाही. म्हणून डॉक्टर सांगतील त्या अंतराने सीटी स्कॅन किंवा सोनोग्राफी आयुष्यभर करायची असते. गाव लांब आहे, भाडं परवडत नाही, हे मला कळतं. तरी ही तपासणी चुकवू नका. आणि गाव बदललं, डॉक्टर बदलले, तर नव्या डॉक्टरांना आत कोणतं अस्तर आहे हे कळायला तोच कागद लागतो.

हा आग्रह का धरावा, त्याचं आपल्याकडचं उदाहरण सांगणं भाग आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीने २०१० च्या ऑगस्टमध्ये आपला एएसआर हा कृत्रिम खुबा जगभरातून परत मागवला. त्यात धातूवर धातू घासायचा, कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरायचे. जगभरात सुमारे ९३,००० लोकांच्या शरीरात तो बसवलेला होता. दोष उघडकीला आला तो ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये, कारण तिथे बदललेल्या प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंदवही ठेवतात. ब्रिटनच्या नोंदवहीत दिसलं की पाच वर्षांत अशा सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांना पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. भारतात हे खुबे सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने विषय लावून धरला, केंद्राने समिती नेमली, २०१८ मध्ये भरपाईचं सूत्रही ठरलं. पण शोधता आलेल्या रुग्णांची संख्या होती अकराशेच्या आसपास. बाकीच्यांपर्यंत पोहोचताच आलं नाही. त्यांच्यातल्या कित्येकांना आपला खुबा त्या नावाचा आहे, दुखतंय ते वयामुळे नसेलही, भरपाई मागता येते, यातलं काही कळलं नसणार. ही गोष्ट आठवली की मला अजून राग येतो.

दवाखान्यात नोंद असेलच, असं म्हणून निश्चिंत राहू नका. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. गुडघा पंधरा-वीस वर्षं चालतो, डोळ्यातलं भिंग जन्मभर. तीन वर्षांनंतर ती माहिती तुमच्याजवळ असेल तरच खात्रीची.

म्हणून सुट्टी मिळायच्या दिवशी, बिल भरायच्या आधी, स्पष्ट शब्दांत मागा: ‘इम्प्लांटचं स्टिकर किंवा कार्ड आम्हाला द्या आणि डिस्चार्ज कार्डावर बॅच नंबर लिहा.’ स्टेंटच्या बाबतीत तर २०१७ च्या फेब्रुवारीत किमतीवर मर्यादा आली तेव्हाच हेही ठरलं की बिलात स्टेंटची किंमत वेगळी आणि कंपनीचं नाव, बॅच नंबर यांसह दाखवायची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालं असेल किंवा गावच्या शिबिरात डोळा झाला असेल, तर लोक मागायला संकोचतात. पैसे घेतले नाहीत, वर आणखी कागद कसा मागायचा? मागा. वस्तू तुमच्या शरीरात आहे. डोळ्याच्या स्टिकरवर भिंगाचा नंबर असतो, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तो कामाला येतो.

मेडिक्लेम असेल तर मूळ स्टिकर क्लेमच्या कागदांसोबत निघून जातं, म्हणून फाईल देण्याआधी झेरॉक्स काढा. काही बिलं उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असतात, त्यांवरची अक्षरं वर्षा-दोन वर्षांत उडतात. त्यांचीही झेरॉक्स हवी. एक प्रत आधार कार्डाजवळ ठेवा, फोटो मुलाला, सुनेला, मुंबई-पुण्यातल्या भावाला पाठवा. एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी ‘अंगात धातू आहे का’ असं विचारतात तेव्हा ‘जाळी आहे’ एवढं सांगून भागत नाही. स्टेंटलाही जाळी म्हणतात आणि हर्नियालाही. पेसमेकर असेल तर घरातल्या दोघा-तिघांना ते पक्कं माहीत असू द्या, कारण दहनाआधी तो काढून घ्यावा लागतो, आगीत त्याची बॅटरी फुटते.

ऑपरेशन होऊन गेलं आहे आणि कागद नाही, असं असेल तर दवाखान्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्याच २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. तीन वर्षं उलटून गेली असली तरी विचारून बघा, ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरात नोंद असू शकते.

आणि बसवलेल्या वस्तूचा त्रास होतोय अशी शंका असेल तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय कळवाही. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी केंद्र सरकारने ६ जुलै २०१५ रोजी कार्यक्रम सुरू केला आहे, त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतं. डॉक्टरच नव्हे, रुग्णही तिथे तक्रार कळवू शकतो. फोन १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. फोन करताना स्टिकर हातात ठेवा, बॅच नंबर वाचून दाखवायचा आहे.