मासे पिल्ले खातात, म्हणून आपणही?

वाराणसीत गंगेमध्ये रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली जातात. 'नमामि गंगे'खालच्या या कामामागचा हिशेब सरळ आहे : अंड्यांतली बहुतेक मरतात, बोटभर वाढलेले पिल्लू मात्र तगण्याची बरीच शक्यता असते. तेवढ्याच आकाराचे बोंबील मात्र आपल्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात जवळ्याबरोबर (बारीक कोळंबीबरोबर) टोपलीने येतात. हरकत घेतली की बचाव होतो : बोंबील तरी कुठे स्वतःच्या पिल्लांना सोडतो?

मुद्दा खरा आहे. बोंबलाच्या पोटात बोंबलाचीच पिल्ले सापडतात. तारली, अँकोव्ही यांसारखे छोटे मासे तर स्वतःच्याच थव्याने टाकलेली अंडी गिळतात. यात क्रौर्य शोधू नये. हा ताकदीचा जमाखर्च आहे. पाणी गाळून प्लवक खाणाऱ्या माशाला सतत पोहावे लागते आणि पोहण्यात ताकद जाते. अंडे पौष्टिक असते, पळून जात नाही आणि कोणाचे आहे हे कल्ल्यांच्या गाळणीला कळत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील अँकोव्हीवर १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंड्यांच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश या स्वभक्षणामुळे होतात, असे आढळले. पण थवा दाट असला की अंडी जास्त खाल्ली जातात, विरळ झाला की कमी. शिवाय खाल्लेल्या अंड्यातली ताकद त्याच थव्यात राहते, तिच्यातून पुन्हा अंडी तयार होऊ शकतात. जाळ्याला असा लगाम नाही. मासे कमी झाले, की आपण आणखी बारीक आसाचे (भोकांचे) जाळे लावतो, आणि उचलतो ते अंडे नव्हे, तर मृत्यूच्या सर्वांत कठीण टप्प्यातून निभावलेले पिल्लू.

जवळाच मुळात बारीक, मोठ्या आसातून तो निसटेल आणि मच्छीमाराची चूल बंद पडेल, ही हरकत मात्र वजनदार आहे. (मासळी खाणाऱ्यांनी ती झटकू नये.) म्हणून बारीक आसावर बारमाही बंदी नको. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडीचा किमान आकार ठरवला, हे चांगलेच झाले. पण पट्टी लागते ती बंदरावर, मेलेल्या माशाला. मत्स्यव्यवसाय विभागाने बोंबलाची पिल्ले दाटीने असण्याचे महिने आणि ठिकाणे कोळ्यांना विचारून ठरवावीत, तेवढ्या काळापुरता डोल जाळ्याच्या खोल्याचा, म्हणजे मासळी साठते त्या शेवटच्या पिशवीचा, आस मोठा करायला लावावा आणि बुडालेल्या जवळ्याची भरपाई रोखीने द्यावी.