वडिलांच्या माघारी घर कोणाचे?



बदलापूर-अंबरनाथची वस्ती वाढली तसा जांभूळसारख्या गावातील जुन्या कौलारू घरालाही भाव आला, आणि भावाबरोबर भांडणही आले. मी खत-बियाण्याचा माणूस, पण हल्ली बांधावर पिकाआधी घराचाच प्रश्न निघतो.

वडील वारले की एखादा भाऊ ग्रामपंचायतीत नमुना ८ ला आपले एकट्याचे नाव लावून येतो आणि घर आपले झाले असे समजतो. नमुना ८ हे घरपट्टीच्या आकारणीचे रजिस्टर. मालकीचा पुरावा नव्हे. घर वडिलांनी स्वकष्टाने बांधलेले असून मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई, दोन मुलगे व मुलगी यांचा चौथा-चौथा हिस्सा. वडिलांची आई हयात असेल तर हिस्से पाच. म्हातारीचे नाव हटकून राहते!

पूर्वी कलम २३ मुळे, भाऊ वाटणी करीपर्यंत बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ते कलम ९ सप्टेंबर २००५ पासून गेले. तरीही तेराव्याला 'ताई, नुसते नाव लावायचे आहे, सही कर' म्हणत हक्कसोडाचा कागद पुढे सरकतो. ताई, कागद आधी वाचून घे. माहेर तुटेल या भीतीने सही करू नकोस. खुशीने सोडायचे असेल तर जरूर सोड, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवून.

घर काही उसासारखे कांड्या करून वाटता येत नाही. ओटी एकाची, चूल दुसऱ्याची, मध्ये भिंत, अशी घरे दोघांच्याही कामाची राहत नाहीत. एकाने घर ठेवून इतरांना पैसे द्यावेत आणि रक्कम दस्तात लिहावी. कौले चाळण्याचा खर्च करणाऱ्याने पावत्या जपाव्यात. कोणी आपला हिस्सा बाहेर विकू लागला, तर कलम २२ प्रमाणे घेण्याचा पहिला हक्क इतर वारसांचा.

मृत्युपत्र असले की मुंबईचे पाहुणे 'प्रोबेट आणा' म्हणतात. ती सक्ती मुंबई शहरापुरती होती; गावात केलेल्या मृत्युपत्राने आलेल्या गावच्या घराला ती नव्हती आणि नाही. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच.

गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली असेल, तर तीवर वडिलांचेच नाव आहे का ते पाहा. तेथील वारसनोंदीचा अर्ज भूमि अभिलेख कार्यालयात, आणि नमुना ८ साठी ग्रामपंचायतीत निराळा. दोन्हींसोबत मृत्यूचा दाखला जोडा आणि नावे सर्व वारसांची लिहा.