खिडकी उतरविण्याचे अर्थकारण

घरातील खिडकीची झडप उतरवून दुरुस्त करणे हा दैनिकात चर्चा करण्याजोगा विषय आहे काय, असा प्रश्न सुज्ञ वाचकास पडणे स्वाभाविक आहे. परंतु मोहन्याकडे पाहिले म्हणजे तो क्षुल्लक राहत नाही. नॅशनल रेयॉनच्या कारखान्याभोवती वाढलेली ही वस्ती. २००९ साली कारखान्याला टाळे लागले आणि नियमित पगाराचा आधार हजारो घरांतून गेला. अशा घरात अडकलेली खिडकी सुधारावयाची की नवी बसवावयाची, हा शुद्ध आर्थिक निर्णय असतो.

वरखाली सरकणारी झडप मोहनेकरांना ठाऊक आहे ती आगगाडीच्या डब्यातून. घरांतून ती क्वचितच. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ती रूढ झाली. आपल्याकडे बिजागरीवर उघडणारी खिडकीच टिकली, आणि ते योग्यच झाले. सरकत्या खिडकीची निम्मी जागा सदैव झाकलेली राहते, कोकणातल्या उकाड्यात ते परवडणारे नव्हे. तथापि त्या विलायती रचनेत एक शहाणपण आहे. ती सुटी करता यावी अशाच बेताने बांधलेली असते. चौकटीच्या पोकळीत लोंबणारी वजने कप्पीवरील दोराने झडपेला तोलून धरतात, आणि दोर कधीतरी तुटणार हे बनविणाऱ्याने गृहीतच धरलेले असते. आतल्या अंगाची पट्टी पटाशीने अलगद उचकटली की खालची झडप आत ओढता येते. मात्र दोर सोडण्यापूर्वी त्याला गाठ मारावयास हवी, नाही तर वजन पोकळीत कोसळते. दोन झडपांमधली बारीक पट्टी काढली की वरचीही निघते. खर्च म्हणाल तर काही हात दोराचा.

कल्याण-डोंबिवलीच्या नव्या इमारतींत ॲल्युमिनियमची आडवी सरकणारी खिडकी आली. निम्मी जागा झाकण्याचा दोष तिनेही घेतलाच. पण तीही बहुधा सहज उतरते. आतली झडप दोन्ही हातांनी वरच्या खाचेत उचलावी, चाके रुळावरून सुटली की खालची कड आत घ्यावी. अडकणीचा स्क्रू असल्यास तो आधी सैल करावा. एवढे रहिवाशाला कोणी सांगत नाही. मग चाक झिजले की ‘संपूर्ण खिडकीच बदला’ या सल्ल्यापुढे तो निमूटपणे मान डोलावतो. विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात, अशा बाजाराचे विवेचन जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले होते; त्यासाठी मोटारीपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती! गंमत अशी की, नवी खिडकी घेतली तर राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते. घरच्या घरी जुनी सुधारली तर त्या श्रमांची नोंद कोठेच होत नाही.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावयास हवी. वरच्या मजल्यावर, बाहेर लोखंडी जाळी नसताना, हा उद्योग घरी करू नये. निसटलेली काच खालच्या पादचाऱ्याचा जीव घेऊ शकते. जाळी असली तरी दोन माणसे हवीत, आणि वाऱ्याचा दिवस टाळावा.

बिल्डरने ताबा देताना खिडकीच्या चाकाचे माप आणि झडप उतरविण्याची रीत एका कागदावर लिहून द्यावी. गृहनिर्माण संस्थांनी तसा आग्रह धरावा आणि चार चाके कार्यालयात ठेवावीत. काम वैशाखात उरकलेले बरे. पाऊस सुरू झाल्यावर रुळातील बुजलेली भोके पाणी घरातच सोडतात, आणि उतरविलेल्या झडपेच्या जागी ताडपत्री बांधण्याची वेळ येते.