चेनला हॉर्सपॉवर कळत नाही

फोर्डने २०११च्या मस्टँग जीटीत ‘कोयोटी’ हे पाच लिटरचे व्ही-८ इंजिन बसवले. मूळ ताकद ४१२ हॉर्सपॉवर. अमेरिकेतले हौशी त्यावर सुपरचार्जर चढवून ती सातशे-आठशेवर नेतात. त्यासाठी इंजिन खोलले की टायमिंगची चेन, स्प्रॉकेट हे सगळेही भारीतले घालायचे का, हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक जण त्याचे उत्तर हॉर्सपॉवरच्या आकड्यात शोधतात. माझ्या मते तो आकडाच इथे गैरलागू आहे. सिलिंडरमधली ताकद पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकमार्गे मागच्या चाकांकडे जाते. टायमिंग चेन त्या वाटेवर नसतेच. तिने कॅम फिरवायचा, व्हॉल्व्ह वेळेवर उघडायचे. सात हजार आरपीएमला क्रँक सेकंदाला सुमारे ११७ फेऱ्या घेतो आणि कॅम त्याच्या निम्म्या, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५८ वेळा उघडतो. चेनला थकवतो तो हा वेग आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा कडकपणा. हे दोन्ही मूळचेच ठेवले, तर ताकद दुप्पट झाल्याची तिला फारशी खबर नसते.

‘फारशी’ हा शब्द जाणूनबुजून वापरला, कारण इथे एक आक्षेप रास्त आहे. स्फोट जोरकस झाले की क्रँकला जास्त पीळ बसतो, शिवाय सुपरचार्जरचा पट्टा त्याच्या पुढच्या टोकालाच ओढतो. पण या हिसक्यांनी आधी काय तुटते? कोयोटीत ऑइल पंपाचा आतला गिअर थेट क्रँकवर बसतो. मूळ गिअर धातूची भुकटी दाबून, भट्टीत भाजून केलेला. रोजच्या वापराला तो पुरतो, हिसक्याला मात्र वाकत नाही, तडकतो. रेव्ह लिमिटरवर इंजिन आदळत ठेवणे तर त्याला सर्वांत घातक. गिअर फुटला की तेलाचा दाब जातो आणि थोड्याच वेळात बेअरिंगही.

इतका खर्च केल्यावर चेनपाशीच हात आखडता का, तुटली तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकेल, असेही म्हटले जाते. धडकेल, खरेच. पण महाग म्हणजे मजबूत नव्हे, आणि जुळवून घेण्याजोगे सुटे भाग चुकायलाही वाव देतात: कॅम एक अंश हलला की क्रँकच्या मापात ती चूक दोन अंशांची होते. तेव्हा पुढचे कव्हर उघडलेच आहे तर अखंड पोलादातून कातलेला पंपाचा गिअर आणि क्रँकचा स्प्रॉकेट घालावा, टोकाला चांगला डॅम्पर लावावा, गाइड आणि टेन्शनर कंपनीचेच नवे घ्यावेत, आणि चेन झिजलेली नसेल तर तिला हात लावू नये. ज्यांनी स्प्रिंगा कडक करून आठ हजारांच्या पुढे जायचे ठरवले आहे, त्यांनी मात्र चेनचाही खर्च धरावा.