विश्लेषण : ड्रॅगनचे सिंहासन आणि रायगडाचा धडा

राजाने प्राण सोडला आहे. पण महालाबाहेर ही बातमी जाऊ द्यायची नाही. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेच्या पहिल्या हंगामातील नववा भाग याच हुकमावर उभा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या या भागाची गोष्ट काल्पनिक असली, तरी माणगावहून निजामपूरमार्गे पाचाड गाठणाऱ्याला ती ओळखीची वाटावी.

या भागात घडते काय?

राजा व्हिसेरिसने थोरली मुलगी रेनिराला वारस नेमलेले असते. तो जातो तेव्हा ती दूर बेटावरच्या किल्ल्यात असते. दुसरी राणी ॲलिसेंट आणि दरबारी मंडळी मृत्यू लपवतात, विरोध करणाऱ्यांना गप्प करतात आणि राणीचा मुलगा एगॉनला घाईने मुकुट चढवतात. पुढचे यादवी युद्ध इथेच पेटते. मूळ लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्यासमोर बाराव्या शतकातील इंग्लंड होते. तिथे पहिला हेन्री ११३५ मध्ये वारल्यावर त्याची मुलगी मटिल्डा आणि पुतण्या स्टीफन वर्षानुवर्षे लढत राहिले.

रायगडावर काय घडले होते?

३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे रायगडावर निधन झाले. थोरले पुत्र संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. त्यांना बातमी कळू नये असा प्रयत्न झाला आणि २१ एप्रिलला सोयराबाईंचे पुत्र, दहा वर्षांचे राजाराम यांचे मंचकारोहण करण्यात आले. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे संभाजीराजांना कैद करण्यास निघाले. सोयराबाईंचा यात नेमका किती हात होता, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत.

पारडे कोणी फिरवले?

सरसेनापती हंबीरराव मोहिते यांनी. ते सोयराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे राजारामांचे मामा. तरीही ते थोरल्या वारसाच्या बाजूने उभे राहिले आणि कैद करायला निघालेले प्रधानच कैद झाले. जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर आले, जानेवारी १६८१ मध्ये त्यांचा राज्याभिषेक झाला. मालिकेत राजरक्षक दलाचा प्रमुख अंगरखा उतरवून बाजूला होतो. रायगडाच्या गोष्टीत सेनापती बाजूला झाला नाही, त्याने निर्णय घेतला. यादवी टळली ती त्यामुळे.

नऊ वर्षांनी काय बदलले?

फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीराजे मोगलांच्या हाती सापडले. त्यांचे पुत्र शाहू सात वर्षांचेही नव्हते. त्यांचा जन्म याच माणगाव तालुक्यातील गांगवलीचा. मुलाच्या नावाने कारभार हाती घेणे येसूबाईंना शक्य होते. त्यांनी दीर राजाराम यांना गादीवर बसवले आणि गडाबाहेर पडून लढा चालू ठेवण्याचा मार्ग मोकळा केला. त्या स्वतः शाहूंसह रायगडावर थांबल्या. नोव्हेंबरमध्ये गड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. शाहू सुटले १७०७ मध्ये, येसूबाई १७१९ मध्ये. स्वराज्य मात्र जिंजीतून चालू राहिले.

मग धडा कोणता?

येसूबाईंच्या त्यागाने भाऊबंदकी कायमची संपली नाही. शाहू परतताच ताराबाईंशी संघर्ष झाला आणि सातारा-कोल्हापूर वाटणीवर १७३१ च्या वारणेच्या तहात शिक्कामोर्तब झाले. माणसे मोठी असली, तरी वारसाचा नियम पक्का नसेल तर तेच भांडण पुढच्या पिढीत उभे राहते. पडद्यावर सोयराबाईंना खलनायिका ठरवणे सोपे असते, कारण मग पुढचे प्रश्न विचारावे लागत नाहीत. बातमी कोणाच्या हातात होती? फौज कोणाचे ऐकणार होती? नियम कुठे लिहिलेला होता? पक्ष असो, सहकारी कारखाना असो की घरची वडिलोपार्जित जमीन, थोरला माणूस गेल्यावर हेच तीन प्रश्न उरतात. त्यांची उत्तरे तो हयात असतानाच ठरवायला हवीत.