लॉगबुकातलं 'ठीक'

आज एका दोन मिनिटांच्या कामाबद्दल लिहितो. सियाचीनवर होतो तेव्हा रोज सकाळच्या फर्स्ट परेडला स्नो स्कूटरचं कूलंट बघावं लागायचं. त्या कामात मी एकदा खोटं बोललो. त्यामुळे एका जवानाचा जीव जाता जाता राहिला.

आमच्या स्कूटरला मोटारीसारखा पुढे रेडिएटर नव्हता. कूलंट पट्ट्याजवळच्या पोकळ ॲल्युमिनियममधून फिरायचं आणि पट्ट्याने उडवलेल्या बर्फाने थंड व्हायचं. इंजिन गार असताना बाटलीवरची खूण बघायची. गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही. अठरा हजार फुटांवर साधं पाणी ८२ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाखालच्या दाबामुळेच कूलंट आत टिकतं. झाकण काढलं की ते थेट तोंडावर. स्कूटर उभी होती तिथल्या बर्फावर हिरवा डाग आहे का, तेही बघायचं. थंडीत रबरी पाइप आकसतो, क्लॅम्प सैल पडतो आणि रात्रभर थेंब थेंब गळतं. इंजिन तापलं की गळती बंद, म्हणून दिवसा सापडत नाही.

मिश्रणाचंही गणित आहे. ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७ च्या आसपास गोठतं. साठ टक्के ग्लायकॉल असेल तर उणे ५० पर्यंत टिकतं. पण नुसतं ग्लायकॉल ओतलं तर उणे १३ लाच गोठतं! जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं, असं नाही.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही एका सकाळी बाटली खुणेखाली दिसली तेव्हा मी स्टोव्हवर वितळवलेलं बर्फाचं पाणी ओतलं. गावाकडे ट्रॅक्टर तापला की विहिरीचं पाणी ओततात, तसंच. कूलंटचा कॅन रिकामा होता आणि हवामानामुळे हेलिकॉप्टर येत नव्हतं. आठवड्यापूर्वी एका पोराने लॉगबुकात 'कमी' लिहिलं, तर त्याला सगळ्यांसमोर बोलणी बसली होती. मी 'ठीक' लिहून सही केली. असं तीन दिवस चाललं. मिश्रण गळत होतं आणि मी पाणी भरत होतो.

चौथ्या रात्री एका जवानाच्या फुफ्फुसात पाणी भरलं. अशा माणसाला ऑक्सिजन लावून लवकरात लवकर खाली न्यावं लागतं. स्कूटर चालू झाली, पण थोड्याच वेळात तापल्याचा लाल दिवा लागला. आत बर्फाचा लगदा झाला होता, कूलंट फिरतच नव्हतं. शेवटी आम्ही त्याला स्लेजवर घालून दोरीने ओढत नेलं. अर्ध्या तासाच्या वाटेला पाच तास लागले. तो वाचला. त्याने मला कधी काही विचारलं नाही, कारण त्याला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. मेकॅनिक उस्तादांनी टेस्टरच्या काचेवर थेंब ठेवून मिश्रण पातळ झाल्याचं दाखवलं आणि पेचकसाने क्लॅम्प अर्धा फेरा आवळला. गळती थांबली.

दोष माझाच होता, तो मी कुणावर ढकलत नाही. पण माझं ठाम मत आहे की 'कमी' लिहिणाऱ्याला ओरडणारा माणूस उद्याचं खोटं 'ठीक' आजच लिहून घेतो. काही जुने सहकारी म्हणतील, अशाने शिस्त ढिली पडेल. मला उलट वाटतं. शिक्षा जरूर करा, पण खोट्याला करा, कमतरतेला नको. लॉगबुकात 'ठीक' हा शब्दच नसावा. पातळी खुणेपासून किती खाली, काय भरलं, किती भरलं, एवढंच लिहावं. असे तीन दिवसांचे आकडे कुणीही वाचले असते, तर गळती दुसऱ्याच दिवशी सापडली असती.

जे अजून नोकरीत आहेत आणि ज्यांच्या हाताखाली पोरं आहेत, त्यांना एवढंच सांगतो. उद्या सकाळी कुणी 'साहेब, कमी आहे' म्हणाला, तर आधी त्याला शाबासकी द्या. मग कॅन शोधा.

जय हिंद.