आधी संगणकात, मग हृदयात

‘काळजाचा ठोका चुकला’ असे आपण सहज म्हणून जातो. पण ज्याचा ठोका दिवसातून शंभरदा चुकतो, त्याला विचारा! हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत विजेच्या लहरी भरकटल्या की ते नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात ओढवतो. गोळ्यांनी भागले नाही, तर डॉक्टर मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि लहरींची वाट अडवण्यासाठी तिथला थोडा भाग जाळतात. हेच ॲब्लेशन.

पण हृदयात जागोजागी व्रण असतील, तर जाळायचे नेमके कुठे? एक वाट बंद केली की लहर दुसरी शोधते आणि रुग्ण काही महिन्यांनी पुन्हा टेबलावर येतो. तालीम जणू त्याच्या हृदयावरच चाललेली असते. मला खटकते ते हेच.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापिका नतालिया ट्रायानोव्हा यांनी ही तालीम संगणकात नेली. एमआरआयवरून त्या रुग्णाचेच हृदय व्रणांसकट संगणकात उभे करायचे. त्याला ठिकठिकाणी विजेचे धक्के देऊन लहर कुठे भोवरा घेते ते पाहायचे आणि ती जागा तिथल्या तिथे ‘जाळायची’. खरी मेख पुढे आहे. मग पुन्हा धक्के द्यायचे. नवा भोवरा उठला की तोही बुजवायचा. एकही उठेनासा झाला, की नकाशा डॉक्टरांच्या हाती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १० रुग्णांवर असे उपचार झाले. दुसऱ्यांदा ॲब्लेशन करावे लागले ते एकालाच.

या कल्पनेचे मूळ जुने आहे. डेनिस नोबल यांनी लंडनमध्ये हृदयपेशीतील विजेचे गणित संगणकावर सोडवून १९६० साली प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांना संगणक मिळे तो रात्री दोन ते चार!

अर्थात १० रुग्ण म्हणजे मूठभरच, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. तेवढ्यावर कोणी रुग्णालयाच्या दारात पाटी लावू लागले, तर मी विरोधच करीन. आधी मोठ्या, तुलनात्मक चाचण्या हव्यात. शिवाय सारी भिस्त एमआरआयवर. ठोके बेताल असताना स्वच्छ चित्र मिळणे कठीण. छातीत यंत्र बसवलेले असेल तर त्याची सावली चित्रावर पडते. व्रण दिसलाच नाही, तर संगणकाला तो ठाऊक कसा होणार?